तंजावरची गोळी आणि इरुळांचा हात

चेन्नईहून मामल्लपुरमकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर, शहर मागे पडून सुरूच्या बनांचा पट्टा लागल्यानंतर, वडनेम्मेली नावाचे एक लहानसे गाव येते, आणि तेथे १९७६ साली स्थापन झालेल्या मद्रास क्रोकोडाइल बँकेच्या आवारातच इरुळ जमातीच्या सर्पग्राहकांची १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था आपला कारभार चालवीत आली आहे. मगरी पाहावयास येणाऱ्या प्रेक्षकांपैकी पुष्कळांना ही संस्था म्हणजे करमणुकीचा एक जादा खेळ वाटतो. परंतु हिंदुस्थानात सर्पदंशावर टोचल्या जाणाऱ्या प्रतिविषासाठी जे विष लागते त्याचा फार मोठा भाग याच वाळूच्या चौकातून जातो, ही गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याला तेथे उभे असताना निराळ्या प्रकारचे गांभीर्य जाणवल्यावाचून राहत नाही.

चौकाच्या कडेने मातीची मडकी ओळीने मांडलेली असतात. त्यांची तोंडे सुती कापडाने बांधलेली असतात आणि आतल्या सापाची नोंद बाहेर ठेवलेली असते. आम्ही गेलो त्या वेळी काम चालविणाऱ्या इरुळ गृहस्थाने टोकाशी वाकविलेल्या सळईने एक घोणस अलगद बाहेर घेतली, लोहाराच्या भात्यासारखा तिचा फुत्कार चालू असताना क्षणभरही घाई न करता तिची मान दोन बोटांत धरली, आणि काचेच्या पेल्यावर ताणून बसविलेल्या पातळ पडद्यावर तिचे दात टेकविले. पेल्याच्या आतल्या अंगाने पिवळसर द्रव ओघळला. त्या माणसाच्या तळहाताला जुन्या दंशाचा वण होता, आणि एका बोटाचे पेर आखडलेले होते. साप परत मडक्यात गेला, कापड बांधले गेले, आणि तो दुसऱ्या मडक्याकडे वळला. सुमारे तीन आठवड्यांच्या मुक्कामात चार वेळा विष काढून झाले म्हणजे पोटाकडील खवल्याला खूण करून साप रानात सोडला जातो, जेणेकरून तोच साप पुन्हा हाती आल्यास ओळखता यावा.

माझ्याबरोबर दोन वयोवृद्ध गृहस्थ होते आणि ते एकमेकांचे व्याही. नाना हे तंजावरच्या मराठी घराण्यातले. कित्येक पिढ्या तमिळ मुलखात काढूनही घरात मराठी बोलणारे, मयिलापूरला स्थायिक झालेले, आणि ज्यांच्या आज्यापणज्यांनी वैद्यकी केली अशा कुळाचा अभिमान मनात बाळगणारे. डॉक्टर हे रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सर्पदंशाचे आणि विंचूदंशाचे रोगी तपासण्यात उभे आयुष्य घालविलेले, आणि पुराव्यावाचून एक शब्द मान्य न करणारे. दोघांचा स्नेह गाढ, दोघांची मते विरुद्ध. वडनेम्मेलीच्या वाळूत सुरू झालेला त्यांचा वाद पुढे शहरात आणि घरीही चालू राहिला. त्यातला जो भाग मला मोलाचा वाटला तो येथे देत आहे.

नाना : डॉक्टरसाहेब, तुमच्या इस्पितळातल्या कपाटात जी कुपी असते तिचा उगम आज तुम्ही डोळ्यांनी पाहिलात. ज्यांना आपण रानटी म्हणून गावकुसाबाहेर ठेवले त्यांच्याच विद्येवर तुमचे शास्त्र उभे आहे. देशी वैद्यकाची याहून मोठी साक्ष आपणांस कोणती हवी?

डॉक्टर : साक्ष मला मान्य आहे, पण ती कशाची साक्ष आहे ते आधी ठरवू या. या पेल्यातले विष थिजवून सुकविले जाईल, मग ते अत्यल्प मात्रेने घोड्याला टोचतील, मात्रा वाढवीत नेतील, आणि घोड्याच्या रक्तात जी प्रतिद्रव्ये तयार होतील ती वेगळी काढून कुपीत भरतील. हा मार्ग १८९०च्या दशकात कालमेट नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने आणि त्याच्या समकालीनांनी दाखविला. आपल्या मुंबईच्या हाफकिन संस्थेने त्याच मार्गाने इतकी वर्षे प्रतिविष तयार केले. त्यात कोणत्याही पाल्याचा रस नाही आणि कोणताही मंत्र नाही. इरुळांनी साप धरून दिला, एवढा त्यांचा वाटा.

नाना : "एवढा" हा शब्द तुम्ही फार सहज उच्चारलात, व्याहीबुवा. भाताच्या खाचराच्या बांधावर पन्नास बिळे असतात. त्यांतले उंदराचे कोणते, खेकड्याचे कोणते, आणि आज सकाळी ज्यात नाग शिरला ते कोणते, हे तुमच्या कोणत्या विद्यापीठात शिकवितात? बिळाच्या तोंडाशी माती किती गुळगुळीत झाली आहे, कातीचा तुकडा कोठे अडकला आहे, विष्ठा ओली आहे की सुकी, यावरून हा माणूस आत कोण आहे ते सांगतो आणि मग पहारीने माती सारतो. बापाबरोबर रानात हिंडताना मूल चालू लागले तेव्हापासून हे शिक्षण सुरू होते. २०१७ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा संस्थानात परक्या मुलखातून येऊन माजलेल्या ब्रह्मी अजगरांनी तिथल्या अधिकाऱ्यांना हैराण केले, तेव्हा त्यांनी याच मुलखातून मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल या दोघांना बोलावून नेले, आणि ज्या दलदलीत कधी पाऊल टाकले नव्हते तेथे त्यांनी अजगर शोधून दाखविले. २०२३ साली सरकारने दोघांना पद्मश्री दिली.

डॉक्टर : दिली, आणि ती योग्यच दिली. "एवढा" हा शब्द मी परत घेतो. पण नाना, हे ज्ञान सापाविषयीचे आहे. दंशावरच्या उपचाराचे नव्हे. माझा आक्षेप या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधण्याला आहे. विचारा या गृहस्थांना, साप चावला तर ते काय करतात?

नानांनी तमिळमध्ये विचारले. त्या माणसाने हातातले मडके खाली न ठेवता उत्तर दिले की आधी इस्पितळ. मुळी घरी असतेच, तीही बायको देते. या उत्तरातून दोघांनीही आपापला विजय वाचला. मला मात्र त्यातला क्रम महत्त्वाचा वाटला, कारण जो माणूस रोज विषाशी व्यवहार करतो त्याने तो क्रम कोणाच्या उपदेशावाचून ठरविलेला होता.

परतीच्या वाटेवर डॉक्टरांनी आपला मुद्दा सविस्तर मांडला. आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली असा अंदाज आहे, म्हणजे सरासरीने वर्षाला ५८,०००. आणि त्यातले बहुतेक मृत्यू इस्पितळाबाहेर, खेड्यापाड्यांत झाले. ज्या सापांनी माणूस मरतो ते मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे.

डॉक्टर : शंभर माणसांना साप चावतो, त्यांतल्या पुष्कळांना चावणारा साप बिनविषारी असतो, आणि विषारी असला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. अशा सगळ्यांना मुळी उगाळून दिली, पाला बांधला, कडुनिंबाचा डहाळा फिरविला, तरी ते बरे होणारच. गावात बोलबाला होतो की अमक्याच्या औषधाने उतार पडला. आणि ज्याला खरोखर मण्यार चावली, वेदना नाही, सूज नाही, पण पापण्या मिटू लागल्या, त्याला त्याच औषधासाठी दोन तास बसवून ठेवले, तर त्याच्या श्वासाचे स्नायू निकामी होतात आणि तो आमच्या दाराशी पोहोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. असे तरुण मी पाहिले आहेत. त्यांच्या आयांची तोंडे मला विसरता येत नाहीत. म्हणून मी कठोर बोलतो.

नाना : त्या कठोरपणाला माझा विरोध नाही. पण तालुक्याचे इस्पितळ पंचवीस मैलांवर असते, तेथे पोहोचण्यास वाहन नसते, आणि कुपी शिल्लक असेलच याची हमी नसते, तेव्हा माणूस ज्याच्या घराचे दार रात्री दोन वाजताही उघडे असते त्याच्याकडे जातो. तो दोष मुळीचा म्हणावा की राज्यकारभाराचा?

डॉक्टर : राज्यकारभाराचा, निःसंशय.

नाना : आणि ती मुळी सर्वस्वी निरुपयोगी असे तरी कशावरून? सर्पगंधेचे उदाहरण घ्या. आमच्याकडे आणि तुमच्याकडेही ती सापाच्या विषावर आणि उन्मादावर देत असत.

डॉक्टर : फार चांगले उदाहरण काढलेत, कारण ते आपणा दोघांच्याही उपयोगाचे आहे. कलकत्त्याच्या सेन आणि बोस या वैद्यकव्यावसायिकांनी १९३१ साली ती उन्मादावर आणि रक्तदाबावर परिणामकारक असल्याचे लिहिले. मग मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रोग्यांवरील अनुभव मोजून मापून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला, आणि जगाचे लक्ष वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथे तिच्यातले रिसर्पिन वेगळे काढण्यात आले. उन्मादाविषयी परंपरेचे म्हणणे खरे ठरले. सापाविषयी खरे ठरले नाही. एकाच मुळीविषयीच्या दोन विधानांपैकी एक टिकले, एक गळाले, आणि हे आपल्याला कळले ते कोणीतरी तपासले म्हणून.

नानांनी हे ऐकून घेतले. त्यांच्या स्वभावाचा विशेष असा की पटलेली गोष्ट ते ताबडतोब मान्य करीत नाहीत, परंतु पुढच्या बोलण्यात तिला धरून चालतात. यापुढे त्यांनी "परंपरा तपासूच नये" अशा आशयाचे काही म्हटले नाही. तपासणी कोणी करावी आणि कोणत्या वृत्तीने करावी, यावर त्यांचा भर राहिला.

दुसऱ्या प्रसंगी आम्ही पार्क टाउन भागातल्या रासप्पा चेट्टी स्ट्रीटवर गेलो. देशी औषधांच्या, म्हणजे येथल्या भाषेत नाट्टु मरुंदुच्या, दुकानांसाठी ही गल्ली सुप्रसिद्ध आहे. पोती उघडी मांडलेली : सुंठ, पिंपळी, हिरडा, ज्येष्ठमध, बिब्बे, वेखंडाचे गाठाळ कांडे, आणि तान्ह्या मुलाच्या मनगटात बांधण्यासाठी त्याच वेखंडाच्या चकत्या दोऱ्यात ओवून केलेली बारीक कंकणे. एक बाई आपल्या सुनेच्या बाळंतपणासाठी काढ्याचे साहित्य घेत होती. दुकानदार यादी न पाहता पुड्या बांधीत होता, आणि मधेच एक मुळी नाकाशी नेऊन, वास पुरता नाही म्हणून, बाजूला टाकीत होता. डॉक्टरांनी ते पाहिले आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले की या माणसाची घ्राणपरीक्षा कोणत्याही औषधनिर्मात्याला लागू पडेल. त्यांच्या तोंडून आलेली ही प्रशस्ती सामान्य नव्हती.

परंतु त्याच दुकानात ईश्वरीची मुळी निघाली, आणि वादाला पुन्हा धार आली.

डॉक्टर : ही कोकणातही सापावर देतात. हिच्या कुळातल्या वनस्पतींमध्ये असलेल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडे निकामी होतात आणि कर्करोग होतो, हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. बेल्जममध्ये १९९०च्या दशकात वजन उतरविण्याच्या औषधातून ते पोटात गेले आणि कित्येक स्त्रियांची मूत्रपिंडे गेली. निसर्गातून आलेले ते निरुपद्रवी, ही समजूत कोठून निघाली कोण जाणे.

नाना : ती जुन्या वैद्यांची समजूत नव्हे, एवढे मी शपथेवर सांगेन. कळलावी पाहा. तमिळनाडूचे राज्यपुष्प ते, ज्वाळेसारखे सुंदर. आमच्या घरच्या बाडात तिला विषवर्गातच घातले आहे, शोधनाचा विधी दिला आहे, आणि अडलेल्या बाळंतिणीला तिचा लेप बाहेरून लावावा, पोटात देऊ नये, असे बजावले आहे. तिच्या बियांतून काढलेले कोल्चिसिन तुमच्याच वैद्यकात वातरक्तावर, म्हणजे गाउटवर, चालते, आणि त्या बिया आज याच राज्यातले शेतकरी पिकवून परदेशी पाठवितात. विष आणि औषध यांतले अंतर मात्रेचे, हे आमच्या वैद्याला ठाऊक होते. बाजारात पुडी विकणाऱ्याला ते ठाऊक नसते. माझे भांडण त्याच्याशी आहे.

प्राण्यांच्या प्रकरणी मात्र दोघांचे फारसे जुंपले नाही. उचकीवर मोरपिसाचे भस्म मधातून चाटविण्याची चाल नानांच्या घरी होती, आणि मोर पिसे आपसूक गाळतो म्हणून तिच्यात हिंसा नाही असे ते म्हणाले. घोरपडीच्या तेलाचा विषय निघाला तेव्हा त्यांनीच सांगितले की ते दिवस गेले, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने जिला पूर्ण संरक्षण दिले तिला मारून कोणाची कंबर बरी करावयाची नाही. जळवांविषयी डॉक्टरांनीच आपण होऊन कबूल केले की तुटलेले बोट पुन्हा जोडल्यावर साकळलेले रक्त शोषून घेण्यासाठी शल्यचिकित्सक आजही त्या लावतात. नागपूजेचा उल्लेख आला, बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची नागपंचमी उच्च न्यायालयाच्या हुकुमाने कशी थांबली हेही निघाले. आणि सापाला दूध पाजणे हा त्याला छळण्याचाच प्रकार आहे, यावर एकमत होऊन तो विषय संपला.

खरा रंग भरला तो नानांच्या घरी, ते जुने बाड समोर आले तेव्हा. लाल खारव्यात बांधलेले, मोडी लिपीतले, कडा वाळवीने खाल्लेले असे ते दप्तर नानांनी पाटावर ठेवले. सर्पदंशाच्या प्रकरणात एक गोळीचा पाठ होता : सोमल, पारा, मिरी, दोन-तीन मुळ्या, आणि खलात घोटण्याचे प्रहर. डॉक्टरांनी सोमलाचे नाव ऐकताच चष्मा काढला.

डॉक्टर : नाना, ही ती तंजावरची गोळी तर नव्हे?

नाना : तिच्याच जातीची असावी. तुम्हांला तिची माहिती कशी?

डॉक्टर : घोणशीला शास्त्रीय नावात ज्याचे नाव मिळाले त्या पॅट्रिक रसेलमुळे. कंपनी सरकारचा हा निसर्गाभ्यासक कोरोमंडल किनाऱ्यावर होता, आणि त्याने १७९६ साली या किनाऱ्यावरच्या सापांवर सचित्र ग्रंथ छापला. त्या काळी सर्पदंशावर तंजावरच्या गोळीची कीर्ती मद्रास इलाखाभर होती. रसेलने कुत्री आणि कोंबड्या यांना विषारी साप डसवून ती गोळी देऊन पाहिली, आणि तिच्यातले मुख्य द्रव्य सोमल आहे हे उघडकीस आणले. तिच्यावर विसंबावे असे त्याला काही आढळले नाही.

नाना : म्हणजे तुळजाजी आणि अमरसिंग यांच्या अमदानीतली गोष्ट. आमच्याच राज्यातली गोळी, आणि परीक्षा परक्याची.

डॉक्टर : परीक्षेला आपपर नसते.

नाना : निकालाला नसेल, परीक्षेच्या वृत्तीला असते. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १७९८ साली, सरफोजीराजे गादीवर आले. श्वार्ट्‌झ या पाद्र्याच्या हाताखाली शिकलेला राजा तो. युरोपीय विद्या त्याने मनापासून आत्मसात केली. पण त्याने धन्वंतरी महाल उभारला तेव्हा आपले वैद्य काढून टाकून डॉक्टर नेमले नाहीत. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि इंग्रजी, चारही परंपरांचे जाणकार त्याने एकत्र ठेवले, औषधे तयार करविली, रोग्यांच्या नोंदी लिहून ठेवविल्या. नेत्ररोग्यांच्या नोंदी तर डोळ्यांच्या चित्रांसह आजही सरस्वती महालात आहेत. आणि अनुभवास उतरलेले योग तमिळ पद्यात बांधवून घेतले, तेच पुढे शरभेंद्र वैद्य मुरैगळ् या नावाने छापले गेले. याला मी तपासणी म्हणतो. रसेलने एक गोळी घेतली, निकाल लिहिला आणि तो विलायतेला गेला. सरफोजींनी वैद्यालाच परीक्षक केले.

येथे मला माझे मत नोंदविल्यावाचून पुढे जाता येत नाही. देशी वैद्यकाच्या परीक्षेचा प्रश्न निघाला की आपल्याकडे दोन पक्ष आपोआप तयार होतात, आणि परीक्षा ही पश्चिमेकडून लादलेली जबरदस्ती आहे, असे दोन्ही पक्ष गृहीत धरून चालतात. एक तिचे स्वागत करतो आणि दुसरा निषेध. तंजावरच्या मराठी दरबाराने ते गृहीत दोनशे वर्षांपूर्वीच खोटे पाडले होते. मद्रास सरकारनेही पुढे हा अनुभव घेतला : १९१८ साली डॉक्टर कोमन यांना देशी औषधांच्या चौकशीसाठी नेमले, त्यांचा अहवाल वैद्यांना अन्यायाचा वाटला, मोठा गदारोळ झाला, आणि १९२१ साली उस्मान समिती बसविण्यात आली. तिचे चिटणीस कॅप्टन श्रीनिवासमूर्ती हे स्वतः पाश्चात्य वैद्यकात तयार झालेले होते; तरी त्यांनी वैद्यांच्या साक्षी त्यांच्याच भाषेत घेतल्या, आणि समितीच्या शिफारशीनंतर निघालेल्या देशी वैद्यकाच्या सरकारी विद्यालयाचे ते पहिले प्राचार्य झाले. ज्याची परीक्षा घ्यावयाची त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करता शेजारी बसविणे, ही या शहराच्या इतिहासातली एक उदार घटना आहे, आणि ती जवळजवळ विस्मृतीत गेली आहे याचे मला दुःख होते.

डॉक्टरांना हा विचार अमान्य नव्हता. त्यांची शंका वेगळी होती.

डॉक्टर : शेजारी बसविलेत, ठीक. पण मोबदला कोणाला? हळदीचे प्रकरण तुम्हांला आठवत असेल. जखमेवर हळद लावण्याचा शोध म्हणून १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. आमचे रघुनाथ माशेलकर तेव्हा औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख, त्यांनी जुने ग्रंथ पुढे करून १९९७ साली ते रद्द करविले. पण हळदीला ग्रंथाधार होता म्हणून ते जमले. ज्या मुळीचा उल्लेख कोणत्याच पोथीत नाही, जी फक्त एका कातकऱ्याच्या किंवा इरुळाच्या आठवणीत आहे, तिचे रक्षण कोण करणार?

नाना : त्यासाठीच तर जैवविविधतेचा २००२चा कायदा झाला, आणि त्याच्या प्राधिकरणाची कचेरीही आमच्या चेन्नईतच आहे. अगस्त्यमलैच्या काणी लोकांचेही उदाहरण आहे. त्यांनी रानात चालताना थकवा घालविण्यासाठी खाल्ले जाणारे एक फळ १९८७ साली शास्त्रज्ञांना दाखविले. त्यावरून जीवनी नावाचे औषध निघाले, आणि संशोधन संस्थेला मिळणाऱ्या परवाना-शुल्काचा व स्वामित्वधनाचा निम्मा हिस्सा काणींच्या विश्वस्त निधीला देण्याचे ठरले.

डॉक्टर : ठरले हे खरे, आणि जगभर त्याचे कौतुकही झाले. परंतु जंगलखात्याचे नियम आणि औषध तयार करणाऱ्यांची गरज यांच्या ओढाताणीत काणींना त्या वनस्पतीची लागवड करून पोट भरणे सोपे गेले नाही. कायद्याचा कागद आणि रानातली वाट यांत अंतर असते. इरुळांचेच पाहा. पूर्वी ते कातड्यासाठी साप धरीत. कायदा आला, कातड्याची निर्यात बंद झाली, आणि एका हुकुमाने त्यांची रोजी गेली. सर्पतज्ज्ञ रॉम्युलस व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ही सहकारी संस्था सुचली म्हणून निदान काही कुटुंबे सावरली. आजही किती साप धरावयाचे याचा परवाना दरसाल सरकारकडून यावा लागतो. तो लांबला तर मडकी रिकामी. बाकीचे इरुळ भातगिरण्यांत आणि वीटभट्ट्यांवर उचल घेऊन बांधले गेले आहेत.

बोलणे येथे आले तेव्हा ज्याला मी या साऱ्या वादाचे मर्म समजतो ते डॉक्टरांच्याच तोंडून निघाले. विषाचे घटक एकाच जातीच्या सापातही प्रदेशाप्रदेशाने बदलतात, असे अलीकडच्या संशोधनाने दाखविले आहे. तमिळनाडूच्या खाचरांत धरलेल्या सापांच्या विषावर तयार झालेले प्रतिविष दूरच्या प्रदेशातल्या दंशावर तितकेच लागू पडेल याची खात्री देता येत नाही.

डॉक्टर : कोकणात फुरशांचा सुळसुळाट किती, हे तुम्हांला ठाऊक नसेल. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात सरकारने इनामे लावून ती मारविली, गाड्यांनी मारविली. मारण्यापलीकडे काही सुचले नाही. आमच्या महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून मृत्यूंचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते ते शेकडा एकच्या आसपास आणले. खेड्यात बसून, रोग्याच्या उशाशी जागून आणले. तशी जिद्द सापाच्या बाबतीत धरावयाची तर आम्हांला आमच्याच रानातले विष हवे, आणि ते काढून देणारे हात हवेत.

नाना : ते हात तुमच्याकडे आहेत. कातकरी काय करीत होता?

डॉक्टर : कातकरी उंदराची बिळे ओळखतो, घोरपडीचा माग काढतो, खैराचा कात काढण्यात त्याची हयात गेली, आणि आज तोही वीटभट्टीवर आहे. त्याच्या मुलाला बीळ ओळखता येत नाही.

नाना : मग मुळीचा वाद बाजूस ठेवा, व्याहीबुवा, आणि त्या मुलाचा विचार करा. मुळी चुकीची असली तर बदलता येईल. बीळ ओळखणारा डोळा एकदा गेला की कोणत्या प्रयोगशाळेत तयार करणार?

डॉक्टर : हे मला पूर्ण मान्य आहे. पण मुळीचा वाद मी बाजूस ठेवणार नाही, कारण रात्री दोन वाजता माझ्याकडे येणारा रोगी तो वाद बाजूस ठेवू शकत नाही.

बाडाचे काय करावे हा प्रश्न शेवटी उरला. नानांची इच्छा ते बालबोध लिपीत उतरवून सरस्वती महालाच्या स्वाधीन करावे अशी होती. सर्पदंशाच्या प्रकरणातले सोमलाचे प्रमाण तरी गाळावे, कोणीतरी ते खरे मानून गोळी करील, असा डॉक्टरांचा आग्रह पडला. नाना एक अक्षरही गाळण्यास तयार नव्हते. मला दोघांपैकी नानांचे म्हणणे पाठाविषयी आणि डॉक्टरांचे समासाविषयी योग्य वाटते, आणि तसे मी बोललोही : पाठ जसाच्या तसा राहावा, आणि प्रत्येक घातक योगाशेजारी आज काय माहीत आहे ते ठळकपणे लिहावे. डॉक्टरांनी समास लिहिण्याचे पत्करले.

परंतु उतरविण्यास बसले तेव्हा निराळीच अडचण उभी राहिली. गोळीच्या पाठातल्या एका मुळीचे नाव स्पष्ट वाचता येत होते, पण त्या नावाने आज निदान तीन वनस्पती विकल्या जातात. रासप्पा चेट्टी स्ट्रीटवरच्या दुकानदाराने एक दाखविली, नानांच्या आठवणीत दुसरीच होती, आणि डॉक्टरांच्या वनस्पतिकोशात तिसरी. बाडात पानाचा आकार, ती उगवण्याची जागा आणि मुळीच्या चिकाचा रंग एवढीच ओळख दिलेली होती. चेंगलपट्टूजवळ तंडरै येथे इरुळ स्त्रियांची एक संस्था १९८६ पासून औषधी झाडांची वाटिका राखीत आली आहे; तेथल्या वृद्ध बायका रानात पाऊल टाकताच झाड ओळखतात, हे नानांना ठाऊक होते. बाड घेऊन तेथे जावे आणि ते वर्णन त्यांना तमिळमध्ये वाचून दाखवावे, असे त्यांनी सुचविले.

"मी येतो," डॉक्टर म्हणाले, "पण त्यांच्या दिवसाच्या रोजगाराचे आणि समासात त्यांच्या नावाचे काय, ते निघण्यापूर्वी ठरवा."

नानांनी कागद पुढे ओढला आणि लिहावयास घेतले.